बिल्ल्यावर दोन बोटे

रविवारी सकाळी मर्लिस थीलेनने स्वयंपाकघराची खिडकी वर सरकवली, कॉफीचे भांडे चुलीवर ठेवले आणि इस्त्री तापेपर्यंत रुबार्बच्या आंबट देठांच्या कालच्या वड्या चौकोनी कापून पत्र्याच्या डब्यात भरल्या. दोन थरांमध्ये मेणकागद घातला. मग राखाडी पँट्स इस्त्रीच्या फळीवर घेतल्या. तिची आधी, रॉलीची नंतर, कारण त्याला घडी सुरीच्या पात्यासारखी लागे आणि तोवर इस्त्री पुरती तापलेली असे. रेडिओवर हवामान सांगून झाले आणि पोल्काची धून सुरू झाली. खिडकीबाहेर मक्याच्या तुऱ्यांवर अजून दव होते.

गॅरेजमध्ये तिचा नवरा रॉली बेसबॉलच्या अंपायरिंगच्या सामानाची पिशवी भरत होता. दोघांची मिळून एकच पिशवी होती, हिरव्या कॅनव्हासची, आणि ती भरण्याचे काम त्याचे. मुखवटे, पायांची कवचे, चेंडू मोजायच्या छोट्या चकत्या हे सगळे पिशवीत पडल्याचे आवाज आले. मग आवाज थांबले. मग खण उघडल्याचे, बंद केल्याचे, पुन्हा उघडल्याचे आवाज सुरू झाले.

मर्लिसला कळले. ब्रश.

फलंदाजापुढच्या पांढऱ्या फळीवरची, होम प्लेटवरची माती झाडायचा तो छोटा ब्रश खिडकीच्या कट्ट्यावर, जिरेनियमच्या कुंडीशेजारी होता. बुधवारी तिने तो साबणाने धुऊन उन्हात ठेवला होता. रॉली आत आला. त्याने भांड्यांच्या फडताळात पाहिले. सिंकखाली पाहिले. फ्रिजच्या वर हात फिरवून धूळ काढली, ती पँटला पुसली आणि बाहेर गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला. कुंडीवरून त्याची नजर दोनदा गेली.

'ब्रश पाहिलास का' हे तीन शब्द. मर्लिस टोस्टला लोणी लावत उभी राहिली आणि त्या तीन शब्दांची वाट पाहत राहिली. टोस्ट गार झाला.

"चर्चला उशीर होतोय," रॉली म्हणाला.

"मला नाही होत," ती म्हणाली. "मी केव्हाची तयार आहे."

तो शर्ट घालायला वर गेल्यावर तिने ब्रश उचलला आणि आपल्या पँटच्या मागच्या खिशात टाकला.

रॉली थीलेन वाईट माणूस नव्हता. दूध संघातून निवृत्त झालेला, कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण जन्मात त्याने कुणाला काही विचारले नव्हते. रस्ता विचारला नव्हता, औषधाचे प्रमाण विचारले नव्हते. लग्नाचेसुद्धा विचारले नव्हते. "जूनमध्ये हॉल मोकळा आहे," एवढेच म्हणाला होता. आणि मैदानावर दिलेल्या निर्णयाबद्दल त्याने आपल्या जोडीदाराला कधीही विचारले नव्हते. तो जोडीदार गेले एकवीस उन्हाळे त्याची बायकोच होती.

अंपायरिंग तिला त्यानेच शिकवले होते, ह्याच टेबलावर, एका हिवाळ्यात, मीठदाणी आणि मिरपुडीची डबी बेसवर धावायला लावून. पहिल्याच संध्याकाळी त्याने तिला धंद्याचा नियम सांगितला होता. ज्याने निर्णय दिला, त्याचाच तो निर्णय. दुसऱ्या अंपायरने स्वतःच्या डोळ्यांनी उलटे पाहिले असले तरी विचारल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. विचारले तर जे दिसले ते सांगायचे. जे दिसले नाही ते सांगायचे नाही. आणि आपल्याला काही दिसले आहे हे जोडीदाराला कळावे म्हणून एक खूण ठरलेली: टोपीच्या बिल्ल्यावर दोन बोटे. खूण पाहून त्याने यायचे, विचारायचे, दोघांनी चार शब्द बोलायचे आणि चुकले असेल तर निर्णय बदलायचा. एवढे सोपे.

मर्लिसने एकवीस उन्हाळ्यांत किती वेळा बिल्ल्यावर बोटे ठेवली असतील, देव जाणे. त्यापेक्षा बिल्ल्याला पॉलिश केले असते तर तो चमकला तरी असता.

गुरुवारी जीन बोर्गर्डिंगचा फोन आला होता. तालुक्यातल्या सगळ्या सामन्यांना अंपायर वाटून देण्याचे काम जीनचे.

"मर्लिस, तीन मॅनेजरांनी तक्रार केली आहे," तो म्हणाला होता. "रॉली चुकतो म्हणून नाही. चुकत कोण नाही? पण तू डोळ्यांदेखत उभी असतेस आणि तो तुला विचारत नाही, हे त्यांना सहन होत नाही. शनिवारपासून विभागीय स्पर्धा आहे. तुम्हाला जोडीने टाकू, की वेगवेगळं? रविवारी संध्याकाळपर्यंत सांग."

"हे त्यालाच विचार ना."

"त्याला विचारलं तर तो म्हणेल, सगळं ठीक आहे. म्हणून तुला विचारतोय."

तिने रॉलीला सांगितले नाही. कुणाचा फोन होता, हे त्यानेही विचारले नाही.

*

सेंट वॉलबर्गचे मैदान चर्चच्या मागेच होते. डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे मका, उजवीकडे कब्रस्तान. प्रार्थना आटोपून अर्धे गाव तसेच मागच्या दाराने सामन्याला येई. मिनेसोटातल्या ह्या गावांत रविवारची दुपार दुसऱ्या कशासाठी असते, असे कुणाला वाटत नसे. सॉसेज भाजल्याचा धूर पहिल्या इनिंगपासूनच तिसऱ्या बेसवर तरंगत होता. यजमान सेंट वॉलबर्गची गाठ टॅमरॅकच्या संघाशी होती. जिंकणारा शनिवारी विभागीय स्पर्धेत जाणार, हरणाऱ्याचा हंगाम संपणार.

त्या दिवशी मर्लिस प्लेटमागे होती आणि रॉली बेसवर. तिने मैदानाकडे पाठ करून वाकून खिशातला ब्रश काढला आणि प्लेट झाडली. पहिल्या बेसपाशी उभा असलेला रॉली तिच्या हातातल्या ब्रशकडे पाहत राहिला. तो कुठे होता, हे त्याने विचारले नाही. फक्त टोपी खाली ओढली.

सहाव्या इनिंगपर्यंत सगळे सुरळीत चालले. मग सेंट वॉलबर्गचा एक धावपटू दुसऱ्या बेसवर असताना त्यांच्या फलंदाजाने जमिनीलगत चेंडू मारला. टॅमरॅकच्या तिसऱ्या बेसवाल्याने तो उचलून पहिल्या बेसकडे फेकला, पण वाकडा, प्लेटच्या बाजूला. पहिल्या बेसवरचा टॅमरॅकचा उंच सोनेरी केसांचा खेळाडू चेंडू घ्यायला ताणला गेला आणि त्याचा पाय बेसच्या पांढऱ्या गादीवरून सुटला. चांगला वीतभर सुटला, आणि पाय गादीवर नसेल तर फलंदाज बाद होत नाही. धावपटू दुसऱ्या बेसवर असल्यामुळे रॉलीला मैदानाच्या आत उभे राहावे लागले होते आणि तिथून त्या खेळाडूच्या लांब पायांआड गादी दिसत नव्हती. प्लेटमागून मात्र ती रेषा सुतासारखी सरळ दिसे.

"आउट!" रॉलीने मूठ आवळून हात वर नेला.

मर्लिसने मुखवटा काढला आणि बिल्ल्यावर दोन बोटे ठेवली.

सेंट वॉलबर्गचा मॅनेजर क्लीट होमर्डिंग बाकावरून उसळला. "पाय! अरे पाय कुठे होता त्याचा, रॉली? कब्रस्तानात?"

"मला आउट दिसला."

"तुला दिसला. बाईला काय दिसलं ते विचार ना!"

"निर्णय माझा आहे, क्लीट."

"माझ्या गाई धार काढायच्या वेळी मला विचारतात, तू हिला एकदा विचारायला काय—"

"बाकावर जा."

मर्लिसची बोटे बिल्ल्यावरच होती. रॉलीने तिच्याकडे पाठ केली आणि वाकून बुटांवरची माती झटकली, जी तिथे नव्हती. मागच्या बाकड्यांवरून एक म्हातारी ओरडली, "अगं बाई, हात दुखेल! खाली घे!" लोक हसले. मर्लिसने हात खाली घेतला.

इनिंग संपल्यावर नियमाप्रमाणे दोघे पहिल्या बेसच्या रेषेवर भेटले. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, दोघे उन्हाबद्दल बोलत आहेत.

"पाय सुटला होता," मर्लिस म्हणाली.

"हं."

"हं काय? मी खूण केली होती."

"मला वाटलं, माशी हाकलतेस."

"दोन बोटांनी? टोपीवरून? रॉली, माझ्या नाकावर माशी बसत असेल तर ती तू बसवतोस."

"लोक बघतायत."

"लोक कित्येक हंगाम तेच बघतायत. मी एकवीस वर्षं बघतेय. तुला चुकायची लाज नाही वाटत, मला विचारायची वाटते. उलटा करून शिवलेला माणूस आहेस तू."

"पुढच्या वेळी बघू," रॉली म्हणाला. हे तो छताच्या गळक्या पन्हाळीबद्दलही म्हणत असे.

ह्यापुढच्या इनिंगांमध्ये मर्लिसने प्रत्येक फेकीचा निवाडा, बॉल की स्ट्राइक, अचूक दिला. पण प्रत्येक निर्णयानंतर तिची नजर आपसूक रॉलीकडे जाऊ लागली. तो बघतो का? आता तरी बघेल का? संताप असा माणसाच्या मानेत बसतो आणि मान एकाच दिशेला वळवत राहतो.

आठव्या इनिंगनंतर पुन्हा रेषेवर भेट झाली. रॉलीने पाण्याची बाटली पुढे केली. तिने ती घेतली नाही.

"जीनचा फोन आला होता," ती म्हणाली.

"कधी?"

"गुरुवारी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

रॉलीने बाटलीचे झाकण फिरवून घट्ट केले. "काय म्हणाला?"

"तक्रारी आहेत. तू विचारत नाहीस म्हणून. आपल्याला जोडीने ठेवायचं की तोडायचं, हे आज संध्याकाळी मी सांगायचं आहे."

"तू?"

"मी."

"आणि काय सांगणार आहेस?"

"एकवीस वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी विचारलंस," मर्लिस म्हणाली. "उत्तर माझ्याकडे नाहीये. जा, उभा राहा तिकडे."

तो गेला. जाताना त्याची पाठ तिला एकदम म्हातारी वाटली, आणि तसे वाटल्याचा तिला पुन्हा राग आला.

नवव्या, शेवटच्या इनिंगला सेंट वॉलबर्ग एका धावेने मागे होते. दोन बाद, एक धावपटू तिसऱ्या बेसवर. फलंदाज पहिल्या बेसवर सुखरूप पोचला तर बरोबरी. बाद झाला तर सगळे संपले. सॉसेज भाजणाराही जाळीवरचे सोडून कुंपणाशी येऊन उभा राहिला होता.

फलंदाजाने चेंडू जमिनीलगत मारला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या टॅमरॅकच्या शॉर्टस्टॉपने तो अडवला, हातात नीट आला नाही, तरी घाईने पहिल्या बेसकडे फेकला. तिसऱ्या बेसवरचा धावपटू मर्लिसच्या शेजारून प्लेट ओलांडून गेला. सोनेरी केसांचा तो उंच खेळाडू पुन्हा प्लेटच्या बाजूला ताणला गेला. चेंडू हातमोज्यात शिरल्याचा आवाज आला.

"आउट!"

सगळे मैदान एका घशाने ओरडले. "पाय! पाय! पाय!"

क्लीट पळत आला नाही. चालत आला. एवढा मोठा माणूस चालत आला म्हणून लोक आपोआप गप्प झाले. तो रॉलीसमोर उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "रॉली, तुझ्याशी भांडत नाही. हंगाम आहे आमचा. एकदा, फक्त एकदा तिला विचार."

रॉलीने त्याच्याकडे पाहिले. मग मर्लिसकडे. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मैदान ओलांडून प्लेटकडे चालत आला. बाकड्यांवर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तो अगदी जवळ आला. त्याच्या श्वासाला पुदिन्याचा वास होता.

"मला गादी दिसली नाही," तो म्हणाला. "पाय होता का?"

एकवीस उन्हाळे तिने ह्या वाक्याची वाट पाहिली होती. आणि आता ते आले तेव्हा मर्लिस थीलेनने आपल्या डोळ्यांपुढे तो क्षण पुन्हा आणून पाहिला: मारलेला चेंडू, शॉर्टस्टॉपचे हात, प्लेट ओलांडणाऱ्या धावपटूचे बूट. त्यानंतर रॉलीचा चेहरा. रॉलीचा चेहरा, त्याची वर जाणारी मूठ, टोपीखालचे त्याचे डोळे, ते डोळे तिच्याकडे वळतात का, एवढेच. पहिला बेस त्या चित्रात कुठेच नव्हता. तिथे गादी नव्हती, पाय नव्हता, सोनेरी केसांचा खेळाडूही नव्हता.

सगळे मैदान सांगत होते की पाय सुटला होता. सहाव्या इनिंगमध्ये तर तो नक्की सुटला होता, तिने पाहिला होता. एक शब्द बोलली असती तर तेही देणे फिटले असते. तो विचारायला आला होता, गावादेखत, लाल कानांनी. त्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचे?

जे दिसले नाही ते सांगायचे नाही. मीठदाणी आणि मिरपुडीच्या डबीमधून हे तिला कुणी शिकवले होते?

"मी पाहिलं नाही, रॉली," ती म्हणाली.

"काय?"

"पाहिलं नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादा खण उघडावा आणि आत काहीच नसावे, तसा तो दिसत होता. मग त्याने मान हलवली, मैदानाच्या मध्यापर्यंत परत गेला आणि पुन्हा एकदा, आधीपेक्षा सावकाश, मूठ वर नेली.

क्लीटने टोपी जमिनीवर फेकली नाही. "वा," एवढेच म्हणाला. "विचारायला शिकला, तर बाईचे डोळे गेले." मग बाकाकडे वळून ओरडला, "चला रे, सामान उचला. गाई तरी वाट बघतायत."

मर्लिस मुखवटा काखेत धरून कुंपणाच्या दारातून बाहेर पडत असताना टॅमरॅकचा तो उंच खेळाडू शेजारून गेला. "छान सामना झाला, बाई," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता पुढे गेला.

*

गाडी गावाबाहेर पडली. दोन्ही बाजूंना मका होता. मध्ये एकदा रॉलीने काच खाली केली आणि पुन्हा वर केली.

"एकवीस वर्षं," तो अखेर म्हणाला. "विचार, विचार, विचार. कान किटले माझे. आज विचारलं."

"हो."

"अख्ख्या गावासमोर विचारलं."

"हो, रॉली."

"मग तू बघत कुठे होतीस? धावपटूने प्लेटला पाय लावला का, ते बघत होतीस म्हणावं, तर दोन बाद असताना फलंदाज पहिल्या बेसवर बाद झाला की ती धाव धरतच नाहीत. हे तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे."

"मग?"

मर्लिसने डब्याचे झाकण काढले, एक वडी हातात घेतली आणि खाल्ली नाही. "तुझ्याकडे बघत होते."

"माझ्याकडे?"

"तू बघतोस का, ते बघत होते. खूण बघशील का. सहाव्या इनिंगपासून मी दुसरं काही बघितलंच नाही."

रॉलीने पुन्हा काच खाली केली. मग म्हणाला, "मी काय, बेस आहे?"

तिला हसू आले, आणि हसता हसता डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला वैताग आला. तिने वडी त्याच्या हातात दिली. त्याने ती खाल्ली.

"आणि तो पाय," तो खाता खाता म्हणाला. "सुटला असेल."

"असेल."

"सहाव्यात सुटला होता?"

"वीतभर."

"हं," रॉली म्हणाला. पण हा 'हं' मैदानावरच्या 'हं'सारखा नव्हता.

घरी पोचल्यावर तो पायरीवर बसून बूट काढू लागला. ऊन अजून अंगणात होते. मर्लिस दारात थांबली. जीनचा नंबर तिला पाठ होता.

"रॉली, मी विचारते तुला," ती म्हणाली. "जीनला काय सांगू?"

त्याने एका बुटाची नाडी सोडवली. दुसऱ्याची गाठ बसली होती. ती तो नखाने उकलत राहिला.

"दिसलं ते सांग," तो म्हणाला.

तिने आत जाऊन फोन केला. जीनने पहिल्याच घंटेला उचलला. सामन्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"वेगवेगळं टाक," मर्लिस म्हणाली.

"विचारत नाही म्हणून ना? पण आज तर म्हणे त्याने—"

"आज त्याने विचारलं. त्याचं काही चुकलं नाही, आणि हे तू त्या तीन मॅनेजरांना सांगायचं. अडचण माझ्याकडून आहे. आम्ही एकमेकांकडे बघतो, जीन. चेंडूकडे कुणी बघत नाही."

"लग्नात हे चालतं," जीन म्हणाला.

"लग्नात चालतं. मैदानावर नाही."

तिने फोन ठेवला, तळघरात उतरली आणि थोरल्या मुलीची शाळेतली जुनी निळी पिशवी शोधून काढली. ती झटकली. मग गॅरेजमध्ये जमिनीवर हिरवी पिशवी उघडून तिने सामान वेगळे केले. एक मुखवटा इकडे, एक तिकडे. तिची पायकवचे, त्याची पायकवचे. मोजायच्या चकत्या दोन होत्या. ज्या चकतीचे चाक अडते ती तिने स्वतःकडे घेतली, कारण ती कशी फिरवायची हे तिला माहीत होते. पाण्याच्या बाटल्या. सुटे चेंडू.

ब्रश एकच होता.

तिने तो खिशातून काढला, तळहातावर दोनदा आपटून माती झटकली आणि हिरव्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात घातला, जिथे हात घातला की आधी तोच लागेल. मग फळीवरच्या रंगाच्या डब्यांमधून एक लहान, कोरा, रंगवायचा ब्रश निवडला, त्याचे केस अंगठ्याने मागेपुढे करून पाहिले आणि तो निळ्या पिशवीत टाकला.

हिरवी पिशवी तिने मोटारीच्या डिकीत ठेवली. निळी पिकअपच्या मागे, ताडपत्रीखाली.